फोनवरचं जेवण

आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवणाऱ्या बाईला सगळे ‘थोरली’ म्हणतात. मुख्याध्यापिकाबाईही तेच म्हणतात आणि पहिलीतली चिमुरडी पोरंही. फार तर कुणी मागे ‘ताई’ जोडतं. कागदोपत्री तिला रीतसर नाव आहे, पण त्या नावाने हाक मारली तर ती मान वर करत नाही. “घरात हीच हाक होती,” ती म्हणते, “आता दुसरी अंगाला बसत नाही.”

मी चित्रकला शिकवते. परीक्षा जवळ आल्या की माझे तास गणिताला आणि विज्ञानाला वाटून टाकतात, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मटार सोलत बसते. तिथेच आमची गट्टी जमली. ही हकिगत तिने मला कधी सलग सांगितली नाही. सोलता सोलता थोडी, चिरता चिरता थोडी, मध्येच कुकरची शिट्टी झाली की विषय बंद. मी आपली जुळवून सांगते आहे.

थोरलीचे वडील इस्त्रीवाले होते. घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची खोली म्हणजे उरलेला सगळा संसार. पुढे एक लांब टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटची जाड घडी, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर टांगलेले लोकांचे शर्ट. मागे जायचं तर बाह्या बाजूला सारत जावं लागे. धाकटी बहीण या शर्टांशी हात मिळवत घरात शिरायची. एकेक बाही धरून हलवायची आणि विचारायची, “काय साहेब, बरं आहे ना?”

बाबा ओरडायचे, “साहेबांना सुरकुती पडेल गं!”

आईला छातीचं दुखणं होतं. थोरली तेरा वर्षांची आणि धाकटी अकराची असताना ती गेली. मग मावशी आली, आईची सख्खी बहीण. ती दूरच्या मोठ्या शहरात राहायची, तिचे यजमान एका कंपनीत इंजिनियर होते, घर ऐसपैस होतं आणि त्यात मूल नव्हतं. काही दिवस राहून, घर आवरून, जायच्या आदल्या सकाळी ती बाबांना म्हणाली, “भाऊजी, एकीला मी घेऊन जाते. दोघींनाही नेलं असतं, पण मग तुम्ही अगदीच एकटे पडाल.”

कुणाला न्यायचं, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. थोरलीला इस्त्री येत होती. शाळांचे गणवेश आणि चादरी तीच करायची. बाबांना शर्टांसाठी हात मोकळा मिळायचा. बाबांनी समोरच्या चादरीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शेवटी थोरलीच बोलली, “मावशी, धाकटीला ने. तिला गरम इस्त्रीची भीती वाटते.”

धाकटी गेली. जाताना तिने एकाही शर्टाशी हात मिळवला नाही.

मागे राहिलेल्या दोघांचं जेवण सोपं होतं. भात, पाव आणि बटाटा. कामाचे दिवस असले की अंडी यायची, कधीमधी एखादी भाजी. थंडीत लोक कपडे कमी धुतात, इस्त्रीला त्याहून कमी देतात. मग नुसता बटाटा. बाबा झाकण काढून जाहीर करायचे. सालासकट उकडलेला असला तर “आज साहेब कोट घालून आलेत,” रस्सा असला तर “आज साहेब पोहायला गेलेत,” आणि तळलेला असला तर “आज साहेबांना ऊन लागलंय.” थोरली हसायची. ते ऐकायला आता धाकटी नाही, हे दोघांनाही हसून झाल्यावर आठवायचं.

शाळेत मधल्या सुट्टीत मुली डब्याप्रमाणे बसायच्या. तसा नियम कुणी केला नव्हता, पण ज्यांच्या डब्यात तीन-चार कप्पे असत त्या झाडाखालच्या कट्ट्यावर, आणि ज्यांच्या डब्यात एकच पदार्थ असे त्या नळाजवळ. काही मुली डबा आणायच्याच नाहीत. फाटकाबाहेरच्या दुकानातून खारट, कुरकुरीत पाकिटं घ्यायच्या आणि कुठेही बसायच्या. पाकीट हातात असलं की कुणी कुठली, ते कळत नसे. थोरलीलाही तो शोध लागला. बाबांनी बससाठी दिलेले पैसे ती पाकिटावर घालायची आणि घरी चालत यायची. डब्यातलं उकडलेलं अंडं वाटेत कुत्र्याला द्यायची. “ते कुत्रं माझ्यापेक्षा धडधाकट झालं होतं,” असं ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण हातातली सुरी थांबली होती.

फोन त्या वेळी घरोघरी नव्हते. गल्लीच्या तोंडाशी भाजीवालीचं दुकान होतं, तिच्याकडे होता. दर रविवारी सकाळी मावशी तिथे फोन लावायची आणि धाकटीला बोलायला द्यायची. बाबा आधी दोन वाक्यं बोलायचे, “बरी आहेस ना? अभ्यास कर,” आणि फोन थोरलीच्या हातात देऊन कोबीच्या ढिगाकडे बघत उभे राहायचे.

सुरुवातीला दोघी बहिणी नुसत्या रडायच्या. भाजीवाली गिऱ्हाइकांना सांगायची, “जरा थांबा हो, पोरींचं रडणं होऊ द्या.” मग हळूहळू त्यांना कळलं की जेवणाबद्दल बोललं तर रडू येत नाही.

“थोरले, मी काल मासा खाल्ला. काटे नसलेला.”

“काटे नसलेला मासा कुठे असतो का?”

“असतो! इथे काढूनच विकतात.”

“मग तो पोहतो कसा?”

धाकटी खिदळायची. तिच्या फोनमधून एकेक नवल यायचं. टेबलावर कायम फळांची परडी. चार तऱ्हेचं चीज. कच्चाच खायचा पाला, वर लिंबू पिळून. मावशीकडचं सगळं ऐकून झालं की धाकटी विचारायची, “आणि तू काय जेवलीस?”

थोरली खरं ते सांगायची. बटाटा.

एका रविवारी हे उत्तर ऐकून धाकटीचा आवाज ओला झाला. “मी इथे सगळं खाते. आणि तू…” पुढे तिला बोलवेना. मावशीने फोन घेतला, “काही नाही गं, होतं असं,” म्हणाली आणि ठेवून दिला.

पुढच्या रविवारी थोरली तयारीने गेली. प्रश्न आला तशी ती म्हणाली, “अगं, आमच्याकडेही आता मजा असते. काल आम्ही मशरूम केले होते.”

“खरंच? कसे?”

“कसे म्हणजे… परतून.” तिची नजर समोरच्या टोपल्यांवरून फिरत होती. “आणि परवा बीट. त्याच्या आधी पालक. आज बाबा फुलकोबी करणार आहेत.” टोपल्या ज्या क्रमाने मांडल्या होत्या त्याच क्रमाने जेवणं निघत होती. भाजीवालीने तोंडावर हात दाबून धरला. बाबा ढिगातला एक कोबी उचलून उगाच उलटसुलट करत राहिले.

घरी जाताना बाबा काही बोलले नाहीत. थोरलीला वाटलं, त्यांनी ऐकलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतून आली तर मागच्या खोलीत कागदाची एक पुडी होती. आत मशरूम.

“हे काय बाबा?”

“काल तू फोनवर म्हणालीस ना, खाल्ले म्हणून?” बाबा इस्त्रीवरून मान वर न करता म्हणाले. “मग खायला नको?”

मशरूम कसे करतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. बाबांनी आधी ते खसाखसा धुतले, मग पुसले, मग साल असते का म्हणून नखाने खरवडून पाहिले. पातेलंभर मशरूम चुलीवर चढले आणि बघता बघता वाटीभर झाले. बाबांनी आत डोकावून पाहिलं. “आपल्याआधी कुणीतरी जेवून गेलेलं दिसतंय,” ते म्हणाले.

दोघं समोरासमोर बसून खाऊ लागली. बराच वेळ चावणं चाललं.

“कसं आहे?” बाबांनी विचारलं.

“वेगळं आहे.”

“म्हणजे वाईट आहे.”

“नाही हो बाबा. वेगळं आहे, एवढंच.”

मग तसाच रिवाज पडला. रविवारी थोरली फोनवर जे जेवायची ते त्या आठवड्यात कधीतरी खरोखर जेवण्याचा प्रयत्न व्हायचा. भाजीवालीही यात सामील झाली. संध्याकाळी दुकान आवरताना मऊ पडलेलं, कोमेजलेलं, पण खाण्याजोगं ती बाजूला काढून ठेवायची आणि बाबा तिच्या घरातले कपडे फुकट इस्त्री करून द्यायचे. “आज तुझ्या फोनमधलं नवलकोल आलंय बघ,” ती गल्लीतून हाक द्यायची. थोरलीने बीट खाल्लं, सलगम खाल्लं, कडवट पाला नाक दाबून खाल्ला. काही आवडलं, काही नाही. पण ते खाताना तिला वाटायचं, की इतक्या लांब बसलेल्या धाकटीच्या ताटाला आपलं ताट कडेने कुठेतरी लागलंय. कुत्र्याचं अंडं त्याच सुमारास बंद झालं. पाकिटं मात्र लगेच सुटली नाहीत. मैत्रिणी होत्या ना त्यांच्याबरोबर.

एकदा ती बोलता बोलता द्राक्षं म्हणून गेली. तो द्राक्षांचा हंगाम नव्हता. जी होती ती मोठ्या दुकानात, कापसात गुंडाळलेली. तो आठवडाभर बाबा तिची नजर चुकवत राहिले. त्यानंतर ती जपून बोलू लागली. बापाच्या ऐपतीत बसेल एवढंच खोटं.

सुट्टीत धाकटी यायची. पहिल्या सुट्टीत ती आली ती धावतच, सगळ्या शर्टांशी हात मिळवत, आणि बटाट्याचा रस्सा तीनदा मागून घेतला. मागची खोली आधीसारखी भरून गेली. फक्त एक झालं. बाबांनी दोघींना पाठीला पाठ लावून उभं केलं, तर धाकटी थोरलीच्या बरोबरीला आली होती.

“अगं, तू थांब ना जरा,” थोरली म्हणाली.

“तूच वाढ ना,” धाकटी म्हणाली.

त्याच्या पुढच्या वर्षी मावशीच्या घरी पाहुणे होते, येणं झालं नाही. त्याच्याही पुढच्या सुट्टीत धाकटी आली तेव्हा चौदाची झाली होती. अंगावर नवे कपडे, बोलणं थोडं वेगळं, आणि उंची थोरलीपेक्षा वीतभर जास्त. ते दिवस नेमके मंदीचे होते. भाजीवाली आजारपणामुळे गावाला गेली होती, दुकान बंद. घरात भात होता आणि बटाटा होता. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि मग तिसऱ्या दिवशीही. धाकटीने पातेल्यात डोकावलं आणि विचारलं, “रोज हेच खाता तुम्ही?”

त्यात टोचून बोलणं नव्हतं. साधा प्रश्न होता. पण थोरलीच्या कानाला जे लागलं ते ‘तुम्ही’. या घराबद्दल बोलताना धाकटी आजवर ‘आपण’ म्हणायची.

बाबा घाईघाईने म्हणाले, “अगं, रोज कुठे! परवापर्यंत बीट होतं, पालक होता… भाजीवाली नाहीये ना, म्हणून.” पण चेहऱ्यावर खोटं वागवणं त्यांना जमत नसे, आणि खरं बोलताना तर ते जास्तच खोटे दिसायचे. धाकटीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा थोरलीकडे, आणि उठून पुढच्या खोलीत शर्टांच्या मागे जाऊन उभी राहिली.

थोरली मागोमाग गेली. बाह्यांच्या मधून तिला फक्त धाकटीचे पाय दिसत होते.

“तू मला फोनवर खोटं सांगत होतीस?”

“सगळं नाही.”

“मग काय खरं होतं?”

“मशरूम खरे होते,” थोरली म्हणाली. “म्हणजे, नंतर खरे झाले.”

तिला वाटलं होतं, हे ऐकून धाकटी हसेल. धाकटी हसली नाही. रागावलीही नाही. बाहेर आली, जेवायला बसली, आणि ताटातलं सगळं संपवलं, एखाद्या परक्याच्या घरी संपवतात तसं, मुकाट्याने आणि नीट.

त्यानंतर फोनवर जेवणाचा विषय निघेना. आणि दुसरा विषय दोघींना सापडेना. “अभ्यास कसाय?” “बरा.” “बाबा?” “बरे आहेत.” मागे मावशीच्या घरातल्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, इतकं ते बोलणं रिकामं. मग रविवार चुकायला लागले. धाकटीचे क्लास, शिबिरं, परीक्षा. मावशीच्या यजमानांची आणखी दूर बदली झाली. भाजीवाली परत आली, दुकान उघडलं, पण रविवारी सकाळी टोपल्यांपाशी उभं राहून थोरली नुसती फोनकडे बघत राहायची. भाजीवाली तिच्या हातात एखादं गाजर ठेवायची.

थोरली सतरा वर्षांची झाली, अठराची झाली. बाबांनी कपाटाच्या कडेला तिच्या उंचीची रेघ मारणं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण ती त्याच रेघेवर थांबली होती. मी तिला एकदा विचारलं, “तुला मत्सर नाही वाटला?” “जेवणाचा नाही,” ती म्हणाली. “ती काय जेवते ते ऐकायला मला आवडायचंच. पण आम्ही दोघी मोठ्या झालो त्या एकमेकींना न बघता. मला तिची पंधरा वर्षांची चाल माहीत नाही. सोळाची असताना ती कशावर चिडायची ते माहीत नाही. ते बघायचं राहिलं.”

धाकटीच्या लग्नात फोटो काढणारा सगळ्यांना उभं करत होता. धाकटी उंच, तुकतुकीत; शेजारी थोरली. तो म्हणाला, “लहान बहिणीला पुढे घ्या, मागे झाकली जातेय.” कुणीतरी त्याला सांगायला निघालं, पण तेवढ्यात थोरलीच पुढे आली. “राहू द्या,” म्हणाली, “तेवढंच वय कमी झालं.” सगळे हसले. त्या फोटोत धाकटी एकटीच हसत नाहीये.

मग वर्षं गेली, जशी सगळ्यांची जातात. धाकटी नवऱ्याबरोबर परदेशी गेली. इस्त्री न लागणारे कपडे आले आणि बाबांच्या दोऱ्या रिकाम्या दिसू लागल्या. थोरलीने लग्न केलं नाही. कुणी विचारलंच नाही असं नाही, पण बाबांची पाठ वाकली होती आणि तिला घर सोडवेना. आमच्या शाळेत दुपारचं जेवण सुरू झालं तेव्हा ती इथे कामाला लागली. बाबा गेले तेव्हा धाकटी विमानाने आली आणि लगेच परत गेली. त्या गडबडीत दोघींना नीट बसायलाही मिळालं नाही.

इथल्या स्वयंपाकघरात थोरलीचं एक खास काम आहे. जेवणात एखादी नवी भाजी असली की ती मोठ्या मुलामुलींच्या ताटात ती वाढत नाही. वेगळ्या वाटीत, जेमतेम एक घास ठेवते, आणि शेजारी कागदाचा एक तुकडा. “चाखा,” ती सांगते. “नाही आवडलं तर त्या कागदात थुंका. मी काहीएक म्हणणार नाही.” आधी मला हे चमत्कारिक वाटलं होतं. तिने एकदा भोपळा चिरताना सांगितलं, “हातावर पोट असलेल्या घरात नवी भाजी आणणं म्हणजे जुगार असतो बाई. पोरांनी नाही खाल्ली, तर त्या दिवशी दुसरं काही नसतं. म्हणून आई तेच आणते जे खाल्लं जाईल. मग पोरं म्हणतात, ‘आम्ही हे खात नाही.’ अगं, खात नाही कसं? कधी बघितलेलंच नसतं.” फाटकाबाहेरचं पाकिटांचं दुकान आमच्याकडेही आहे. तिथे उभ्या असलेल्या मुलांना ती कधी रागावत नाही. लांबून बघते, एवढंच.

गेल्या सुट्टीत धाकटी आली, पहिल्यांदाच राहायला. बरोबर तिची मुलगी होती, पंधरा वर्षांची, काटकुळी, कानात सतत गाणी. थोरलीने घर घासूनपुसून लख्ख केलं होतं आणि बाजारातून मिळेल ते सगळं आणून ठेवलं होतं. भाचीने टेबलावर नजर टाकली आणि विचारलं, “साधा पाव आहे का?”

धाकटीने कपाळाला हात लावला. “ही पाव खाते, बटाट्याचे काप खाते, आणि पाणी पिते. संपलं. घरात फ्रीज ओसंडून वाहतो, पण हिच्या मैत्रिणी जे खातात तेवढंच ही खाते. मी थकले, थोरले.”

“बटाटा खाते ना?” थोरली म्हणाली. “मग घरचीच आहे.”

त्या दिवसांत एका दुपारी भाची झोपली होती आणि दोघी बहिणी शेंगा निवडत बसल्या होत्या. मग धाकटी म्हणाली, “तुला एक सांगू? मला तिथलं आवडायला लागलं होतं. मावशीकडचं. तो मासा, ती फळं, सगळंच. मला वाटायचं, आपल्याला इतकं आवडायला नको. आणि तुझ्याशी बोलले की ते जास्त वाटायचं. म्हणून मग फोनच नको वाटायचा.”

“आवडणारच की. चांगलंच होतं ते.”

“तू एकदा जरी ‘परत ये’ म्हणाली असतीस ना, तर मी आले असते.”

“माहीत होतं मला,” थोरली म्हणाली. “म्हणून तर म्हणाले नाही.”

धाकटीने हातातली शेंग खाली ठेवली. थोरलीने ती उचलली आणि मोडली. पुढे काय झालं ते तिने मला सांगितलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, की त्या दिवशी स्वयंपाकाला फार उशीर झाला आणि भाचीने उठून सगळ्यांसाठी पाव भाजला.

भाचीत काही मोठा बदल झाला नाही. जायच्या आधी तिने थोरलीच्या ताटातला बिटाचा एक तुकडा आपणहून उचलला, चावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. थोरलीने लगेच हाताची ओंजळ पुढे धरली. “अगं, असं काय करतेस!” धाकटी लेकीवर ओरडली. “थुंकू दे गं,” थोरली म्हणाली. भाची थुंकली. पण मग पाणी पिऊन म्हणाली, “वेगळंच लागतं.” थोरलीला एवढं हसू आलं की त्या दोघींना कळेना काय झालं.

त्या गेल्यावर मी विचारलं तर थोरली म्हणाली, “बोललो, भेटलो, सगळं झालं. पण मला जी भेटायला हवी होती ती चौदा वर्षांची होती. ही चांगली आहे, गुणी आहे, माझीच आहे. पण त्या चौदाच्या पोरीसाठी जे वाटायचं ते वाटायचं थांबत नाही.” मी मटार सोलत राहिले.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली तेव्हा तिने एक गोष्ट बदलली. आधी ती सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघरात एकटी, उभ्या उभ्या जेवायची. आता आपलं ताट घेऊन बाहेर येते आणि आठवी-नववीच्या मुलींच्या बाकावर बसते. पहिल्या दिवशी मुली गप्प झाल्या होत्या. आता त्यांना सवय झाली आहे. “थोरलीताई, सरका ना जरा,” म्हणत त्या तिला कोपराने ढकलतात, आणि कुणाचं कुणाशी भांडण झालं, कोण कुणाला काय म्हणालं, हे सगळं तिच्या ताटावरून इकडून तिकडे चालू असतं. ती मध्ये बोलत नाही. कान देऊन जेवत असते.

धाकटीने तिला थंडीच्या सुट्टीचं विमानाचं तिकीट पाठवलं आहे. थोरली आजवर विमानात बसलेली नाही. चाकांची एक बॅग तिने विकत आणली आणि परवा जेवणं आटोपल्यावर ती स्वयंपाकघराच्या लांब पडवीत ओढून बघत होती. बॅग एका बाजूला कलायची, ती थांबून सरळ करायची, पुन्हा ओढायची. मुली खिडक्यांतून बघत होत्या, “ताई, दांडा वर ओढा, दांडा!” असं ओरडत होत्या. सुट्टी लागायला अजून पुष्कळ अवकाश आहे. बॅग भरूनही झाली आहे.